भरदिवसाची जपानी गोष्ट

दिवसाउजेडी गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. कुणाचा मामा, तर ऐकणाऱ्याचा. का चुकतो, ते विचारायचं नाही. माझी पतवंडं आज भरदुपारी पडद्यासमोर आडवी पडून एकामागून एक गोष्टी बघतात आणि त्यांचे मामा मोटारी घेऊन वेळेवर घरी येतात, तेव्हा मी गप्प बसते. गप्प बसते म्हणजे मला सगळं पटलंय असं कुणी समजू नये. भीमेच्या काठी त्या एका नियमापायी आमच्या घरानं जे दिवस काढले, ते माझ्या हाडांत अजून आहेत.

मी बारामतीला मराठी चौथी पास झाले आणि तिथंच माझी शाळा संपली, कारण मुलींना पुढं वर्गच नव्हता. आईनं मला आजोळी धाडलं. मामीला दिवस गेले होते, सातवा लागत होता, आणि घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. आजोळ म्हणजे इंदापूरच्या पुढं, नदीच्या अलीकडच्या अंगाला असलेला मळा. आता तिथं धरणाचं पाणी आहे आणि आमची विहीर, आमचा गोठा, आमची चूल सगळं त्याच्या पोटात आहे. घरात माणसं तीनच. आबा म्हणजे माझ्या आईचे वडील, गणूमामा त्यांचा एकुलता एक मुलगा, आणि सरूमामी. आजी मी जन्मायच्या आधीच गेलेली. पहाटे मोटेचं चाक कुरकुरायला लागलं की मी उठायची. आबा बैलांशी बोलत मोट हाकायचे, मामा वांग्यांना पाणी द्यायचा, आणि मामी एका हातानं भाकरी थापत दुसऱ्या हातानं चुलीतली भाजलेली माती हळूच तोंडात टाकायची. मला म्हणायची, सांगू नकोस हं कुणाला. सगळ्यांना माहीत होतं. आबा तर मुद्दाम चुलीजवळ यायच्या आधी खाकरायचे, म्हणजे तिला गिळायला वेळ मिळावा.

शाळेच्या बाईंनी मला पहिला नंबर आल्याबद्दल एक पुस्तक दिलं होतं. जपानातल्या गोष्टी, मराठीत केलेल्या, मधेमधे चित्रं. जपान म्हणजे काय, तर आमच्या बारामतीच्या बाजारात अत्ताराच्या दुकानात ज्या स्वस्त बांगड्या आणि बाहुल्या यायच्या, त्या जिथून येतात ते गाव, एवढंच मला ठाऊक. आबांनी पुस्तक हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाले, जपानी माल हाय, चार दिसांत फुटंल. आबांना वाचता येत नव्हतं, पण मालाची पारख आपल्यालाच, असा त्यांचा खाक्या होता.

ते पुस्तक वाचून माझी झोप उडाली, खरं सांगते. एका गोष्टीत म्हातारी कपड्याची खळ खाल्ली म्हणून चिमणीची जीभ कापते. मी ते वाचून रडले, आणि पुढं त्या म्हातारीच्या पेटाऱ्यातून साप निघाले तेव्हा मला इतका आनंद झाला की मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. एका गोष्टीत नदीतून वाहत आलेल्या फळातून मूल निघतं. ते फळ आम्ही कुणी पाहिलेलं नव्हतं. मामी म्हणाली, भोपळ्याएवढा पेरू असंल, आणि ती गोष्ट तिनं माझ्याकडून किती वेळा वाचून घेतली त्याला गणती नाही. एका गोष्टीत बर्फातून बाई येते आणि माणसावर नुसती फुंकर घालून त्याचा जीव घेते. बर्फ फक्त मामानं पाहिला होता, पुण्याला, तोही लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. पण मला खरा राग यायचा तो त्या गोष्टींच्या शेवटांचा. आमच्या कहाण्या कशा, देव कोपतो, माणूस चुकतो, मग उमगतं, आणि सगळं सुफळ संपूर्ण होतं. या गोष्टींत बायको उडून जाते आणि परत येत नाही. माणूस एवढासा चुकतो आणि त्याची भरपाईच होत नाही. असं कुठं असतं का, म्हणून मी पुस्तकावर चिडायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच उघडून बसायची.

संध्याकाळी दिव्याला तेल जाळून वाचायची सोय नव्हती, आणि मामीला जेवण झालं की पेंग यायची. दुपार मात्र आमची. मिरच्या निवडत बसलो की तिला गोष्ट हवी असायची. मी म्हटलं, अगं, मामा वाट चुकेल. त्यावर मामीनं जो तोडगा काढला तो एखाद्या वकिलाला सुचला नसता. ती म्हणाली, गोष्ट सांगायची नसती, वाचायची न्हाय असं कुणी म्हणलंय? वाचणं म्हंजी काय सांगणं न्हवं. मला ते एकदम पटलं. मामाला विचारलं तर तो हसला आणि म्हणाला, वाचा गं, मला काय हुतंय, ह्या मुलखातली वाट न् वाट माझ्या पायाखालची हाय. फक्त आबांच्या कानावर जाऊ देऊ नका. त्यामुळं आबा बैल सोडून लिंबाखाली आडवे झाले की आमचं वाचन सुरू व्हायचं, तेही बारीक आवाजात.

श्रावण सरत आला होता. मामा नदीपल्याड, करमाळ्याच्या बाजूला, एका ओळखीच्या बागवानाबरोबर पेरूची बाग बघायला निघाला. डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडं, आणि मामीनं बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी-भाकरी. परवा येतो म्हणाला आणि नावेवर गेला. त्याच दुपारी मामीनं पुस्तकातलं कासवाचं चित्र बघितलं आणि हीच गोष्ट वाच म्हणून हटून बसली. माझी ती गोष्ट सकाळीच वाचून झाली होती. शेवट माहीत नसला की मला घास गिळवत नसे, म्हणून मी नेहमी आधी एकटी वाचून ठेवायची. ती मला मुळीच आवडली नव्हती. पण मामीला डोहाळे पुस्तकाचे लागले होते, तिला नाही कोण म्हणणार? मी वाचायला लागले. एक कोळी पोरांच्या तावडीतून कासवाला सोडवतो. कासव त्याला पाठीवर घेऊन समुद्राच्या तळाशी राजकन्येच्या वाड्यात नेतं. तिथं तो तीन दिवस सुखात राहतो, मग त्याला घर आठवतं. राजकन्या त्याच्या हातात एक पेटी देते आणि सांगते, काही झालं तरी ही उघडू नकोस. तो पुन्हा कासवाच्या पाठीवर बसतो आणि घराकडं निघतो. इथवर आले आणि पुस्तकावर सावली पडली. आबा उभे होते.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं आणि मामीकडं न बघता म्हणाले, ल्योक पाण्यापल्याड गेलाय आणि घरात दिवसा गोष्टी चालल्यात. पुस्तक त्यांनी फळीवर, बियाण्याच्या गाडग्यामागं टाकलं. मामी पदर ओढून चुलीकडं वळली. मी मिरच्या निवडत राहिले आणि हात डोळ्याला लागून डोळ्यांची आग झाली.

दुसऱ्या दिवशी नदी चढली. आमच्याकडं थेंब पडला नव्हता. लख्ख ऊन होतं, वांग्यांची पानं कोमेजली होती, पण वर घाटात धो धो कोसळला असणार, कारण सकाळी मोटेच्या आवाजात दुसराच एक आवाज मिसळला, जात्यासारखा, न थांबणारा. भीमा तांबडी होऊन वाळवंट गिळत चालली होती. नाव बंद पडली. परवाचा दिवस आला आणि गेला. मग दुपारी शेजारच्या मळ्यातला माणूस सांगत आला की पल्याडहून सुटलेली शेवटची नाव धारेत उलटली. काहीजण खालच्या अंगाला काठाला लागले, बाकीच्यांचा पत्ता नाही. वाचलेल्यांतला एकजण म्हणत होता, नावेत एक तांबड्या पटक्याचा माणूस होता. अहो, त्या वेळी दर दुसऱ्या माणसाच्या डोक्याला तांबडा पटका असायचा. पण मामी ते ऐकून उंबऱ्यातच बसली, ती संध्याकाळपर्यंत उठली नाही.

त्यानंतरचे दिवस फार वाईट. मामी रडत नव्हती. तिला रड म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण रडणं म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. मी मुगाचं कढण करून तिच्यापुढं ठेवायची, ते तसंच निवायचं. पोटावर हात ठेवून ती नदीच्या दिशेला कान देऊन बसायची. आणि आबा? आबा नदीकडं फिरकलेसुद्धा नाहीत. गावातली माणसं काठाकाठानं शोधत होती आणि आबा मोट हाकत होते. वांग्यांना पाणी झालं, मिरचीला झालं, पडीक रानाला पाणी सोडलं, तरी हाकत होते. बैलांच्या तोंडाला फेस आला. तेव्हा मला ते दगडाच्या काळजाचे वाटले. आज मी त्यांच्या वयाच्याही पुढं आले आहे आणि मला कळतं, काठावर जाऊन उभं राहिलं म्हणजे मान्य करावं लागतं की आपला माणूस पाण्यात असेल.

मग शेजारपाजारच्या बाया येऊन बसायला लागल्या. बोलायच्या काही नाहीत, नुसत्या बसायच्या, आणि मधूनच मामीच्या हातातल्या बांगड्यांकडं बघायच्या. त्या बघण्याची मला इतकी चीड यायची की एकेकीला ढकलून बाहेर काढावंसं वाटायचं. अशाच एका दुपारी आबा पाणी प्यायला आत आले. रखमाकाकू म्हणून एक जाणती बाई होती, तिनं विचारलं, काय कळलं का? आबांनी तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडं बोट केलं. म्हणाले, तिला विचारा. माझ्या लेकाची वाट तिनं बांधली.

साऱ्या बायांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. मी तोंडाची फटकळ, आईनं त्यापायी किती मार दिला असेल. मी म्हटलं, "आबा, मी न्हाय बांधली, तुमी बांधली. तो कोळी घराकडं निघाला हुता, तुमी त्येला मधीच अडवलं. आता तो तितंच पाण्यात बसलाय."

बोलून गेले आणि मला वाटलं, आता आबा मला उचलून बाहेर टाकतात. पण त्याआधी मामी बोलली. सासऱ्यासमोर तिचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. ती उंबऱ्याकडं बघत म्हणाली, "पोरगी खरं बोलतीया. गोष्ट अर्धी ऱ्हायली. ती पुरी करा."

आबा फळीकडं गेले, गाडगं सरकवलं, आणि पुस्तक धोतराला पुसून माझ्यापुढं धरलं. "वाच," म्हणाले. बाहेर डोकं फुटेल असं ऊन होतं. तशा भरदुपारी ते पहिल्यांदाच आमच्यात खाली बसले.

मी रागाच्या भरात काय करून बसले होते ते मला पुस्तक हातात आल्यावर कळलं. शेवट त्या घरात मला एकटीला ठाऊक होता. तो कोळी घरी पोचतो तर घर नाही. ज्यांना विचारतो ते म्हणतात, असं कुणीतरी तीनशे वर्षांपूर्वी समुद्रात गेलं होतं म्हणे. आईबाप नाहीत, कुणी नाही. मग तो पेटी उघडतो, तिच्यातून धूर निघतो, आणि तो क्षणात म्हातारा होऊन वाळूत पडतो. हे मी मामीला वाचून दाखवू? पोटावर हात ठेवून बसलेल्या बाईला?

मी वाचायला लागले. कासव काठाला आलं, कोळी खाली उतरला, एवढं पुस्तकातलं. पुढं डोळे अक्षरांवर ठेवले आणि तोंडानं दुसरंच सांगत गेले. त्याला आपली वाट दिसली. वाटेवरचं झाड तेच होतं. घरातून चुलीचा धूर निघत होता. मी घाईघाईनं त्याला घरी नेऊन जेवायला बसवलं, आणि जपानी माणसाच्या ताटात भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. बाया माना डोलवत होत्या. रखमाकाकू चिवट. म्हणाली, आणि त्या पेटीत काय निघालं? मला काही सुचेना. मी म्हटलं, उघडलीच न्हाय त्यानं, उघडू नको म्हणून सांगितलं हुतं न्हवं? बायांना ते फार आवडलं. सांगितलेलं ऐकणारा पुरुष कुठं बघायला मिळतो, असं कुणीतरी पुटपुटलंसुद्धा.

मामी मात्र पुढं सरकली. तिला अक्षर येत नव्हतं, पण डोळे होते. शेवटच्या पानावर चित्र होतं, पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा वाळूत बसलेला, पुढं सगळं पाणी. तिनं त्याच्यावर बोट ठेवलं आणि माझ्या डोळ्यांत बघितलं. "मग ह्यो म्हातारा कोण?"

"त्येचा बाप," मी म्हटलं. "तो काठावर बसून ऱ्हायला हुता. म्हणून तर त्येला वाट गावली."

आबा उठले. खुंटीवरचं घोंगडं खांद्यावर टाकलं, मोटेकडं बघितलंही नाही, आणि नदीच्या वाटेला लागले.

ते तिथंच राहिले. जेवायलाही घरी येईनात. मी दुपारी भाकरी घेऊन जायची. नदी अजून फुगलेली, तिच्यातून झाडं जायची, कडब्याच्या पेंढ्या जायच्या, एकदा एक मेलेलं वासरू गेलं तेव्हा आबा ताडकन उभे राहिले आणि मग पुन्हा खाली बसले. ते माझ्याशी बोलत नव्हते. भाकरी घ्यायचे, चतकोर खायचे, उरलेली परत द्यायचे. मला त्यांची भीती वाटायची आणि त्यांना एकटं सोडून निघवायचंही नाही.

शेवटी एकदा भाकरी हातात तशीच धरून त्यांनी विचारलं, "यमे, बापाचं पुस्तकात न्हाय न्हवं?"

मी फडक्याची घडी घालायला लागले. ते म्हणाले, "मी अडाणी हाय. पर खोटं सांगताना तुजी आय बी अशीच भरभर बोलायची. खरं काय हाय ते सांग."

"दिवस हाय, आबा."

"आता आणि काय चुकायचं ऱ्हायलंय? सांग."

मग मी सांगितलं. वाचलं नाही, पुस्तक घरी मामीच्या उशाशी होतं. तोंडानं सांगितलं, उन्हात, पुरासमोर बसून. कोळी गावात आला, त्याला एकही ओळखीचा चेहरा दिसला नाही. घर होतं तिथं गवत होतं. तो खाली तीन दिवस राहिला होता, पण वर तीनशे वर्षं झाली होती. आबांनी नदीवरची नजर काढली नाही.

"तीनशे वर्सं," ते म्हणाले. "आणि वाट बघायला घरचं कुणीच न्हाय ऱ्हायलं?"

"न्हाय."

"बसायला पायजे हुतं बापानं." त्यांनी भाकरी मांडीवर ठेवली. "तीनशे वर्सं म्हंजी लई झाली, मान्य हाय. पर बसायला पायजे हुतं."

मला रडू फुटलं. मी पेटीपाशी आले होते आणि माझ्याच्यानं पुढं बोलवेना. तेवढ्यात मागून हाक आली. नदीकडून नाही, आमच्या मळ्याच्या बाजूनं.

"आबा, तिकडं काय बघताय? नाव बंद पडली म्हणून मी आगगाडीनं पुलावरनं आलो, भिगवणाला उतरून चालत आलोय."

मी वळून बघितलं. गणूमामा होता. डोक्याला पटका नव्हता, दाढी वाढलेली, पायांवर गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला. मी उठायला गेले तर आबांनी माझं मनगट धरलं. ते वळले नाहीत. त्यांचा दुसरा हात वर झाला, मामाला जागच्या जागी थांबवायला, आणि मामा खरंच थांबला. आबांची बोटं माझ्या मनगटात रुतत होती.

"फुडं सांग," ते म्हणाले. "पेटीचं."

मी सांगितलं. कशी सांगितली देव जाणे. त्यानं पेटी उघडली, धूर निघाला, त्याचे केस पांढरे झाले, कंबर वाकली, आणि तो वाळूत पडला. मामा मागं खुळ्यासारखा उभा राहून ऐकत होता.

"झाली?" आबांनी विचारलं.

"झाली."

"पुरी? काय ऱ्हायलं न्हाय न्हवं?"

"पुरी झाली, आबा."

मग ते वळले.